तांब्याभर हवा

लेकीचं बाळंतपण इंग्लंडमध्ये आणि तेही ऐन थंडीत, अशी बातमी आली की आईची तयारी सुरू होते. डिंकाचे लाडू, अळीव, जुन्या सुती लुगड्यांची दुपटी, स्वेटर, कानटोपी, पायमोज्यांचे चार जोड. व्हिसा, विमा आणि तिकिटाचं जावई बघतात. बाबा औषधांच्या चिठ्ठ्या आणि चष्म्याची दुसरी जोडी आठवणीने बॅगेत ठेवतात. एक गोष्ट मात्र कुणीच कुणाला सांगत नाही. ज्या घरात पुढचे पाच-सहा महिने काढायचे आहेत, ते घर ऊबदार राहतं कसं, आणि गार पडलं तर काय करायचं?

आपल्याकडे नाशिक-पुण्याच्या थंडीला शाल पुरते. दिल्ली-इंदूरकडे फार तर विजेचा हीटर लावतात. भिंतीला जखडलेला, पांढऱ्या पत्र्याचा लांबरुंद रेडिएटर आपल्यापैकी बहुतेकांनी घरात कधी पाहिलेला नसतो. रेडिएटर म्हटलं की आपल्याला आठवतो तो मोटारीचा. खंडाळ्याच्या घाटात वाफा सोडत कडेला उभा राहिलेला ट्रक आणि हातात पाण्याचा डबा घेतलेला क्लीनर! तत्त्व दोन्हीकडे एकच. मोटारीचा रेडिएटर इंजिनातली उष्णता पाण्यामार्फत बाहेर टाकतो, घरातला रेडिएटर बॉयलरमधली उष्णता पाण्यामार्फत खोलीत आणतो.

आणि याच रेडिएटरपायी मायलेकींत कधी कधी रुसवाही होतो. परत आलेली आई शेजारणीला सांगते, "सगळं छान होतं हो, पण आमची खोली गार पडायची. बोलणार कुणाला? त्यांना आधीच काय कमी व्याप आहेत?" लेकीची बाजू वेगळी असते. "आई, थर्मोस्टॅट बावीसवर होता गं! गॅसचं बिल बघून आमचे डोळे पांढरे झाले. आणखी किती वाढवणार?" आई खोटं सांगत नसते आणि लेकही कद्रूपणा करत नसते. बऱ्याचदा दोघींच्या मध्ये असते ती रेडिएटरच्या माथ्यावर अडकलेली तांब्याभर हवा. ती काढायला पाच मिनिटं आणि एक चिमुकली किल्ली लागते.

घरभर फिरणारं पाणी

इंग्लंडमधल्या बहुसंख्य घरांत सेंट्रल हीटिंग असतं. ते फार जुनं आहे असं मात्र नाही. १९७० साली निम्म्याहून अधिक घरांत ते नव्हतं. एका खोलीत शेकोटी पेटायची आणि बाकीच्या खोल्यांत सकाळी खिडकीच्या काचेवर आतून बर्फाची नक्षी दिसायची. उत्तर समुद्रात नैसर्गिक वायू सापडला, १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत देशभरची गॅसची उपकरणं त्या वायूवर चालतील अशी बदलली गेली, आणि मग घरोघरी बॉयलर आले.

रचना सोपी आहे. स्वयंपाकघरात किंवा एखाद्या कपाटात बॉयलर असतो. तो गॅसवर पाणी तापवतो. पंप ते पाणी पाइपांतून घरभर ढकलतो. प्रत्येक खोलीतल्या रेडिएटरमध्ये ते एका बाजूने शिरतं, पत्रा तापवतं, जरा निवून दुसऱ्या बाजूने बाहेर पडतं आणि पुन्हा बॉयलरकडे येतं. हे पाणी नळाला येत नाही. तेच ते पाणी वर्षानुवर्षं त्याच फेऱ्यांत फिरत असतं.

आता या घरात आई-बाबांची खोली कुठे असते ते पाहा. नेहमीचं घर दुमजली. खाली बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर, वर झोपायच्या खोल्या. त्यांतली सर्वांत लहान, तिकडे जिला 'बॉक्स रूम' म्हणतात, ती पाहुण्यांची. थर्मोस्टॅट, म्हणजे घराचं तापमान मोजून बॉयलरला चालू-बंद करणारी डबी, बहुधा खालच्या हॉलमध्ये. हॉल ठरलेल्या तापमानाला पोचला की थर्मोस्टॅट बॉयलर बंद करतो. वरच्या लहान खोलीतला रेडिएटर अर्धाच तापलेला असला तरी त्या डबीला ते कळत नाही. आणि हवा पाण्यापेक्षा हलकी, म्हणून ती पाइपांतून वर वर चढत जाते आणि वरच्या मजल्यावरच्या रेडिएटरांत साठते. आई-बाबांची खोली वर, हवाही वर!

अशा वेळी थर्मोस्टॅट दोन अंशांनी वाढवला तर काय होतं? हॉल आणि बैठकीची खोली तापते, तिथल्या माणसांना घाम फुटतो, गॅस जास्त जळतो, आणि वरची खोली जवळजवळ तशीच राहते. पैसे जातात आणि थंडी काही जात नाही.

हवा येते कुठून?

बंद पाइपात हवा शिरलीच कशी, हा प्रश्न कुणालाही पडेल. उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. चहाचं आधण ठेवलं की पाणी उकळण्याच्या बरंच आधी पातेल्याच्या तळाशी आणि कडेला बारीक बुडबुडे धरतात. ती वाफ नसते, पाण्यात विरघळलेली हवा असते. गार पाण्यात हवा जास्त मावते. पाणी तापलं की ती सुटी होते. बॉयलरमध्ये नवं पाणी भरलं की हेच घडतं. याशिवाय दुरुस्तीसाठी पाणी काढून पुन्हा भरताना हवा आत राहते, आणि एखाद्या सांध्यातून पाणी झिरपत असेल तर तिथूनही ती शिरते.

नळ गेल्यावर आणि पुन्हा आल्यावर काय होतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पहाटे पाणी येण्याआधी नळ फुरफुरतो, शिंकतो, मग धार धरतो. विहिरीवरच्या मोटारीने हवा धरली की ती नुसतीच घुमते आणि पाणी उचलत नाही. रेडिएटरचं दुखणं याच जातीचं. फरक इतकाच की नळाला तोंड उघडं असतं, हवा आपोआप निघून जाते. रेडिएटर सगळीकडून बंद असतो. हवा माथ्यावर बसून राहते, पाणी तिच्या खालीच फिरतं, आणि पाण्याचा स्पर्श न झालेला वरचा पत्रा गार राहतो.

एक तिसरं कारणही आहे, आणि ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. रेडिएटर पोलादाचे असतात. पाण्यातल्या ऑक्सिजनने ते आतून गंजतात. ऑक्सिजन संपला तरी लोखंड आणि पाणी यांची संथ क्रिया चालू राहू शकते; तिच्यातून काळी भुकटी तयार होते आणि सोबत हायड्रोजन वायू सुटतो. म्हणजे रेडिएटरमध्ये अडकलेली 'हवा' दर वेळी निव्वळ हवाच असेल असं नाही. हायड्रोजन पेट घेतो. म्हणून हवा काढताना जवळ निरांजन, उदबत्ती, मेणबत्ती किंवा सिगारेट नको. खोलीतच देवांचा छोटा पाट मांडला असेल तर दिवा शांत झाल्यावरच हे काम करा आणि खिडकी थोडी उघडी ठेवा.

तळहाताची परीक्षा

हवा काढायच्या आधी निदान करा. त्यासाठी कुठलंही यंत्र नको. हीटिंग अर्धा तास चालू ठेवा आणि रेडिएटरवर तळहात जपून, क्षणभरच टेकवा. पत्रा चटका बसण्याइतका तापलेला असू शकतो. आधी खाली, मग मध्ये, मग वर. हात सांगेल त्यावरून पुढचं ठरतं.

खाली गरम आणि वर गार: आत हवा आहे. बहुधा बुडबुड, गुळगुळ असा आवाजही येतो. हे काम तुमचं.

वर गरम आणि खाली, विशेषतः मधोमध, गार: तळाशी गाळ साठला आहे. मघाशी सांगितलेली काळी भुकटी ती हीच. हवा काढून काही उपयोग होणार नाही. रेडिएटर आतून धुवावा लागतो आणि ते कारागिराचं काम आहे. माथा तळापेक्षा थोडासा जास्त गरम असणं मात्र स्वाभाविक आहे, त्याची चिंता नको.

एकच रेडिएटर सगळाच्या सगळा गार: त्याच्या एका टोकाला १ ते ५ आकडे असलेली फिरकी असते ती पाहा. ती शून्यावर किंवा बर्फाच्या चांदणीच्या खुणेवर असेल तर रेडिएटर जवळजवळ बंदच आहे. पाहुणे यायच्या आधी रिकामी खोली म्हणून लेकीने ती बंद केलेली असते आणि गडबडीत विसरून जाते. फिरकी ३ वर आणा. ३ म्हणजे साधारण २० अंश सेल्सिअस. फिरकी उघडूनही तो तापला नाही तर आतली खीळ अडकली असण्याचा संभव असतो.

सगळेच रेडिएटर गार: हवेचा दोष नाही. बॉयलर बंद पडला आहे, त्याची वेळ लावलेली नाही, पाण्याचा दाब उतरला आहे किंवा आधी पैसे भरायचा गॅस मीटर असेल तर त्यातली रक्कम संपली आहे. यांपैकी काय, ते घरच्यांना विचारा.

हवा काढण्याची रीत

या कामाला तिकडे 'रेडिएटर ब्लीड करणं' म्हणतात. जावई फोनवर "आज ब्लीड करायचंय" म्हणाले तर छातीत धस्स होऊ देऊ नका. दवाखान्यात सलाइन लावण्याआधी परिचारिका नळीतली हवा काढून टाकते, तसंच हे.

साहित्य थोडं आहे. रेडिएटरची किल्ली, एक जुनं फडकं, एक वाटी आणि खाली अंथरायला टॉवेल. किल्ली पितळी किंवा पोलादी, अंगठ्याएवढी, चौकोनी भोकाची. ती तिथल्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. घरात असली तर बहुधा बॉयलरजवळच्या खणात सापडते. काही नव्या रेडिएटरांना किल्लीऐवजी चपट्या तोंडाचा स्क्रूड्रायव्हर चालतो. टॉवेल मात्र विसरू नका. तिकडे बऱ्याच घरांत भिंतीपासून भिंतीपर्यंत फिकट रंगाचा गालिचा असतो आणि रेडिएटरचं पाणी काजळीसारखं काळं असतं. भाड्याच्या घरात तो डाग अनामत रकमेतून वळता होतो!

पहिली पायरी: हीटिंग पूर्ण बंद करा आणि अर्धा-पाऊण तास थांबा. ट्रकचा तापलेला रेडिएटर उघडणाऱ्याचं काय होतं ते घाटातल्या प्रवाशांना ठाऊक आहे. घरच्या रेडिएटरमध्ये पाणी ६०-७० अंश सेल्सिअसपर्यंत असू शकतं. शिवाय पंप चालू असताना हवा पाण्याबरोबर फिरत राहते, एका जागी स्थिरावत नाही.

दुसरी: रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यात, बाजूला किंवा मागे, छोटा गोल बसवलेला भाग दिसेल आणि त्याच्या मध्ये चौकोनी टोक. हाच हवा सोडायचा व्हॉल्व्ह. खाली टॉवेल अंथरा, व्हॉल्व्हखाली वाटी धरा, भोवती फडकं धरा. जवळच विजेचं बटण किंवा वायरीचा पसारा असेल तर तो आधी बाजूला करा.

तिसरी: किल्ली बसवून घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने हळूच पाव फेरा फिरवा. जास्तीत जास्त अर्धा. 'स्स्स' असा आवाज येईल. कुकरच्या शिट्टीसारखा मोठा नसतो, सायकलच्या ट्यूबमधून हवा सोडल्यासारखा बारीक असतो. आवाज येतोय म्हणजे काम होतंय, आणखी फिरवू नका. घाईने फेऱ्यावर फेरे दिले तर तो इवलासा स्क्रू हातात येतो, पाण्याची पिचकारी उडते आणि काळ्या पाण्यात स्क्रू पुन्हा बसवणं महाकठीण.

चौथी: आवाज मंदावतो, मग फुसफुस करत थेंब येतात आणि शेवटी पाण्याची सलग बारीक धार लागते. धार लागली की किल्ली काट्यांच्या दिशेने फिरवून बंद करा. बंद होईल इतकंच आवळा. पितळी आटे जोर केला की बिघडतात. कोरडं फडकं फिरवा आणि पाच मिनिटांनी टिपकागद लावून पाहा. कागद कोरडा राहिला की झालं.

अनेक रेडिएटरांतली हवा काढायची असेल तर खालच्या मजल्यापासून सुरुवात करून वर जायचा प्रघात आहे. खालून सुटलेली हवा वर जमते, तिला शेवटी गाठायचं.

किल्ली फिरवूनही आवाज नाही आणि पाणीही नाही असं झालं, किंवा रंगाच्या थराखाली व्हॉल्व्ह घट्ट बसला असला, तर पकडीने जबरदस्ती करू नका. बंद करा आणि घरच्यांना सांगा.

काटा बघायला विसरू नका

हवा काढली की काम संपलं असं समजून पुष्कळ जण हीटिंग लावतात आणि बॉयलर सुरूच होत नाही. "मी हात लावला आणि बिघडलं," म्हणून आई कानकोंडी होते. बिघडलेलं काहीच नसतं. हवा आणि थोडं पाणी बाहेर गेलं, म्हणून आतला दाब उतरला. दाब फार कमी असला की बॉयलर स्वतःच्या सुरक्षेसाठी पेटत नाही.

बॉयलरच्या दर्शनी बाजूला दाब दाखवणारा काटा किंवा आकडा असतो. घर गार असताना तो साधारण १ ते १.५ बार असावा. त्याहून कमी असेल तर बॉयलरखालची जाळीदार रुपेरी नळी शोधा. तिला एक किंवा दोन छोटे नळ असतात. ते हळूहळू उघडले की नळाचं पाणी आत जातं आणि काटा चढतो. दीडच्या आत थांबायचं आणि सगळे नळ नीट बंद करायचे. एक जरी उघडा राहिला तर दाब वाढतच जातो, आणि ३ बारच्या सुमारास सुरक्षा व्हॉल्व्ह उघडून पाणी घराबाहेर सांडायला लागतं. हे काम पहिल्यांदा लेक-जावयासमोरच करा. प्रत्येक बॉयलरची तऱ्हा थोडी निराळी असते.

जुन्या घरांत माळ्यावर छोटी टाकी असते. तिथे काटा नसतो. संडासाच्या टाकीसारखा तरंगता गोळा गेलेलं पाणी आपोआप भरून काढतो.

पुन्हा पुन्हा हवा येत असेल तर

वर्षातून एकदा हवा काढावी लागणं यात वावगं काही नाही. उन्हाळाभर हीटिंग बंद असतं. ऑक्टोबरात ते पहिल्यांदा लावलं की साठलेली हवा जाणवते. तिकडे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे घेतात, त्याच्या आसपास सगळ्या रेडिएटरांवरून एकदा हात फिरवावा.

पण दर पंधरा दिवसांनी तोच रेडिएटर वरून गार पडत असेल, तर किल्ली चालवत राहणं चुकीचं आहे. दर वेळी हवा काढायची म्हणजे दर वेळी नवं पाणी भरायचं. नव्या पाण्याबरोबर नवा ऑक्सिजन, नव्या ऑक्सिजनबरोबर नवा गंज, आणि गंजाबरोबर गाळ आणि वायू. दुखणं दाबून ठेवण्याच्या नादात आपणच ते वाढवतो. कुठेतरी गळती असते, पंप हवा ओढत असतो किंवा गंज प्रतिबंधक द्रव संपलेला असतो. पाण्यात मिसळायचा हा द्रव कारागीर घालून देतो. बॉयलरजवळच्या पाइपावर चुंबकाची गाळणीही बसवता येते. काळी भुकटी लोहचुंबकाला चिकटते, त्यामुळे ती रेडिएटरपर्यंत पोचत नाही.

आपलं काम कुठवर?

भाड्याच्या घरात हे आपण करावं की घरमालकाने? इंग्लंडमध्ये १९८५ च्या घरमालक-भाडेकरू कायद्याच्या कलम ११ नुसार नेहमीच्या अल्पमुदतीच्या भाडेकरारात हीटिंग आणि गरम पाण्याची यंत्रणा चालू स्थितीत ठेवणं घरमालकावर बंधनकारक आहे. पण घरातली किरकोळ कामं भाडेकरूने करायची असतात. १९५३ सालच्या वॉरन विरुद्ध कीन या खटल्यात न्यायमूर्ती डेनिंग यांनी ती कामं आपल्या घरगुती भाषेत मोजून दाखवली होती: तुंबलेली मोरी मोकळी करणं, दिव्याचा फ्यूज बदलणं, आणि थंडीत घर बंद करून जाणार असाल तर पाणी बंद करून बॉयलर रिकामा करणं. रेडिएटरची हवा काढणं याच पंक्तीतलं.

बॉयलरचं झाकण उघडणं मात्र त्यात मुळीच येत नाही. गॅसच्या उपकरणाला फक्त 'गॅस सेफ' नोंदणी असलेल्या कारागिरानेच हात लावायचा. २००९ पासून ही नोंदवही तिकडे अधिकृत आहे आणि कारागिराजवळ तसं ओळखपत्र असतं. ते मागून बघायला संकोच नको. भाड्याच्या घरातल्या गॅसची तपासणी घरमालकाने दर वर्षी करून घ्यायची असते. गॅसचा वास आला तर बटणं दाबत न बसता खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि ०८०० १११ ९९९ या क्रमांकावर फोन करा.

आणखी दोन ठिकाणी किल्ली चालवायची नाही. फ्लॅटच्या मोठ्या इमारतीत सगळ्यांना मिळून एकच बॉयलर असेल तर आधी इमारतीच्या व्यवस्थापकाला विचारा. आणि चाकांवरचा, विजेवर चालणारा, तेल भरलेला रेडिएटर, जो आता दिल्लीकडेही दिसतो, तो कायमचा बंद केलेला असतो. त्यातून काहीच काढायचं नसतं.

ऊब किती हवी?

खोली तापायला लागली की आपल्या मंडळींचं दुसरं टोक सुरू होतं. बाळाला थंडी बाधेल म्हणून रेडिएटर पाचवर, वर दुपटी, वर टोपडं! तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा सल्ला ऐकून आज्यांना नवल वाटतं. बाळाच्या झोपायच्या खोलीचं तापमान १६ ते २० अंश सेल्सिअस असावं, पाळणा रेडिएटरला लागून नसावा आणि झोपलेल्या बाळाचं डोकं उघडं असावं. अति ऊब झाली तर तान्ह्या बाळाला झोपेत धोका वाढतो. हा नियम पाळावा. शेकशेगडी आणि धुरी या हौशी तिकडे नकोतच. दारं-खिडक्या बंद असलेल्या घरात कोळसा धुमसला तर कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि तो जिवावर बेततो.

म्हाताऱ्या माणसांचं गणित वेगळं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये घरांसाठी दिलेल्या सूचनांत थंड हवामानात घरातलं तापमान किमान १८ अंश असावं असं सुचवलं आहे, आणि वृद्ध व आजारी माणसांना त्याहूनही जास्त लागू शकतं असं म्हटलं आहे. फार वेळ गारठ्यात बसलं की रक्तदाब चढतो, दमेकऱ्यांची छाती भरते. तेव्हा "चालतंय, दोन शाली घेतल्यात" म्हणत सोसत बसण्यात शहाणपणा नाही. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या घड्याळ लावून द्यायच्या आणि त्यांना गार खोलीत झोपवायचं, हे कसं चालेल?

म्हणून पोचल्या दिवशीच, चहा झाला की लेकीला चार गोष्टी विचारून घ्या: बॉयलर कुठे आहे, थर्मोस्टॅट कुठे आहे, रेडिएटरची किल्ली कुठल्या खणात आहे आणि बॉयलरच्या काट्यावर नेहमी किती दाब असतो. चारही उत्तरं कागदावर मराठीत लिहून खोलीच्या दाराआड चिकटवा. किल्ली घरात नसेल तर जावयांना त्याच आठवड्यात आणायला सांगा. त्यांनाही ती कशाला लागते हे कदाचित पहिल्यांदाच कळेल. आणि खोली गार वाटली तर थर्मोस्टॅटकडे जायच्या आधी, शाल पांघरायच्याही आधी, रेडिएटरला खालून वर हात लावून पाहा.